जिन्यावरची काळी धूळ

पत्र थोडक्यात असं आहे. लिहिणारी उत्तर नागपुरातली, वय २९. घराच्या तळमजल्यावर सासऱ्यांनी तीस वर्षांपूर्वी काढलेलं बॅटरीचं दुकान आहे. आता ते नवरा आणि दीर चालवतात. ट्रक, ऑटो, इन्व्हर्टरच्या जुन्या बॅटऱ्या उघडायच्या, प्लेटा बदलायच्या, शिसं वितळवून जोड द्यायचे, उरलेलं भंगारात द्यायचं, असं काम. हाताखाली गावाकडून आणलेला एक मुलगा आहे. कुटुंब वरच्या मजल्यावर राहतं. चार वर्षांचा लेक सहा महिन्यांपासून चिडचिडा झालाय, जेवत नाही, सारखं पोट दुखतं म्हणतो. हिमोग्लोबिन ८.९ निघालं. डॉक्टरांनी घरचा धंदा विचारला आणि रक्तातलं शिसं तपासायला सांगितलं. ते आलं १८ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर. सासूबाई म्हणतात, "आमचे पोट्टे ह्याच अंगणात मोठे झाले, काही झालं काय त्याईले?" नवरा म्हणतो, "कोराडीच्या वीजकेंद्राच्या राखेनं झालं असंल, सगळ्या नागपूरचीच हवा खराब आहे. दुकान बंद केलं तं खाऊ काय?" शेजारणीनं शरीरातलं विष काढणारी एक पुडी आणून दिली आहे. सासरे दोन वर्षं डायलिसिसवर होते, साठीत गेले. दुसऱ्या बाळाचा विचार सुरू होता, तो आता थांबलाय. तिचा प्रश्न: "मुलाला घेऊन माहेरी वर्ध्याला निघून जाऊ, की नवऱ्याला धंदा बंद करायला लावू? आणि माझ्या लेकाचं डोकं कायमचं अधू झालं का?"

प्रिय मैत्रिणी,

आधी त्या डॉक्टरांबद्दल. रक्त कमी आहे म्हटल्यावर लोहाचं सिरप लिहून पुढच्या पेशंटला आत बोलावणं सोपं होतं. त्यांनी "घरी धंदा काय?" एवढं विचारलं, म्हणून तुला आज काय झालंय ते कळलं. जिथे बॅटरी, भंगार, रंगकाम, डाग देण्याचं किंवा कल्हईचं काम होतं, तिथल्या आयांनी हा प्रश्न डॉक्टरांनी विचारायची वाट बघू नये. मूल तपासायला नेलं की "आमच्या घरी हे काम चालतं" असं आपणहून सांगावं.

आता १८ म्हणजे काय ते बघू. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते रक्तातल्या शिशाची कुठलीच पातळी निर्धोक नाही. आकडा ५ किंवा त्याच्या वर गेला की शिसं कुठून येतंय ते शोधा आणि थांबवा, असं ती सांगते. मुलांना शिसं बाहेर काढणारं औषध देण्याची वेळ साधारण ४५ च्या पुढे येते. तुझा लेक या दोहोंच्या मध्ये आहे. म्हणजे आज रात्री दवाखान्यात धावायची गरज नाही, आणि पुढच्या वर्षी बघू म्हणायचीही सोय नाही. एक खात्री मात्र करून घे. रक्त बोट टोचून घेतलं होतं की शिरेतून? बोटावर काळी धूळ असेल तर टोचून घेतलेल्या थेंबात तीही मिसळते आणि आकडा फुगतो. बोटातून घेतलं असेल तर शिरेतून घेऊन पुन्हा तपासा. एरवीही महिना-दोन महिन्यांनी पुन्हा तपासायचंच आहे. मेडिकल, मेयो किंवा एम्स या नागपुरातल्या सरकारी रुग्णालयांपैकी एकाच्या बालरोग विभागात सगळे कागद घेऊन जा, एकाच डॉक्टरांकडे पाठपुरावा ठेव. पोटदुखी वाढली, सारख्या उलट्या झाल्या, मूल सुस्त पडलं किंवा झटका आला, तर तारखेची वाट न बघता लगेच ने.

शेजारणीनं दिलेली पुडी मुलाला देऊ नकोस. तिनं मायेनंच आणली असेल, तिला दुखवू नकोस, पण पुडी उघडूही नकोस. आपल्या जुन्या रसशास्त्रात, म्हणजे आयुर्वेदाच्या धातूंपासून औषधं करण्याच्या शाखेत, शिशाचं नाव 'नाग' आहे, आणि नागभस्म म्हणजे शिशाचंच भस्म. ज्या पुडीवर घटक लिहिलेले नाहीत तिच्यात काय आहे हे ना तुला माहीत, ना तिला. भस्माच्या औषधांतून शिसं अंगात गेल्याची उदाहरणं वैद्यकात भरपूर नोंदलेली आहेत.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण सगळे मारबतीच्या मिरवणुकीत ओरडतो, "इडा पीडा घेऊन जा गे मारबत!" मारबत म्हणजे पीडेची पुतळी, ती वस्तीतून फिरवायची, शहराबाहेर न्यायची आणि जाळायची. मला ती मिरवणूक फार आवडते, लहानपणापासून. पण शिसं तसं जात नाही. ते जाळलं तर त्याचा धूर होतो, पुरलं तर मातीत राहतं, धुतलं तर पाण्याबरोबर पुढे जातं. ते मूलद्रव्य आहे, कुजत नाही, विरत नाही. एखादी पुडी ते अंगातून झटक्यात नेईल ही आशा मला कळते, आईला असंच काहीतरी हवं असतं. अमेरिकेत ७८० मुलांवर एक मोठा अभ्यास झाला, २००१ साली त्याचे निकाल आले. २० ते ४४ पातळीच्या मुलांना खरोखरचं, तपासलेलं औषध दिलं. रक्तातलं शिसं खाली आलं, पण बुद्धीच्या चाचण्यांत औषध न दिलेल्या मुलांहून ती पुढे गेली नाहीत. म्हणून १८ ला डॉक्टर औषध देत नाहीत, यात त्यांची हयगय नाही. नवं शिसं पोटात जाणं थांबवणं हाच या पातळीवरचा उपचार आहे. येणं थांबलं की रक्तातलं शिसं साधारण महिना-सव्वा महिन्यात अर्ध्यावर येतं. हाडांत मुरलेलं मात्र वर्षानुवर्षं राहतं आणि थोडंथोडं परत रक्तात उतरतं, त्यामुळे आकडा हळूहळू उतरेल. एका तपासणीत फारसा फरक दिसला नाही म्हणून खचू नकोस.

मग ते येतंय कुठून? तुझा नवरा कोराडीकडे बोट दाखवतो. कोळसा जाळून वीज करणाऱ्या कोराडी आणि खापरखेड्याच्या राखेचा त्रास भोवतीच्या गावांना आहे, तो खोटा नाही. राखेत पारा, आर्सेनिक, शिसं हे सगळं थोड्या प्रमाणात असतं, आणि तिची बारीक धूळ छातीला वाईट. त्याबद्दल बोललं पाहिजे, भांडलंही पाहिजे. पण तुझ्याच पत्रात एक वाक्य आहे: "जिन्यावर रोज काळी धूळ बसते, मी रोज झाडते, तरी बसते." प्लेटांमधला जो काळा-करडा लगदा वाळून भुकटी होतो, तो जवळजवळ निखळ शिशाच्या संयुगांचा असतो. राखेतलं शिसं आणि हे शिसं यांची बरोबरीच नाही. आजघडीला जगात जेवढं शिसं वापरलं जातं त्यातलं सुमारे ८५ टक्के बॅटऱ्यांत जातं. पेट्रोलमधलं शिसं आपल्या देशात २००० साली थांबलं, घरच्या रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नसावं हा नियम २०१७ पासून लागू आहे. मोठी, दूरची दारं एकेक करून लागली. तुझ्या घरातलं दार जिन्याच्या पायथ्याशी आहे. राखेला दोष दिला की कुणालाच काही करावं लागत नाही, म्हणून तो विचार बरा वाटतो. मला तर उलट वाटतं. कारण घरातच आहे याचा अर्थ उपायही तुमच्याच हातात आहे. वीजकेंद्र तू या महिन्यात हलवू शकत नाहीस, जिना धुऊ शकतेस.

सासूबाईंच्या म्हणण्यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण असं बोलणं मी माझ्याच घरात ऐकलंय.

माझे वडील नागपूरच्या महाल भागातल्या एका छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची शिशाची अक्षरं, जुळवायचे. सकाळी जाताना पांढरा सदरा, संध्याकाळी परत आले की बोटांची पेरं काळी. सदऱ्याच्या खिशात एखादा मोडका खिळा राहून जायचा. तो सापडला की आम्ही भावंडं जिभेला लावून ओला करायचो आणि वहीच्या कोपऱ्यात अक्षर उमटवायचो. मला 'क' मिळाला होता, मी तो कितीतरी दिवस कंपासमध्ये जपला. छापखान्यात कामगारांना गुळाचा खडा मिळे. गुळानं शिसं उतरतं अशी सगळ्यांची खात्री होती, गुळात तसा काही गुण नाही. वडिलांना जन्मभर पोटशूळ होता, आई ओव्याची फक्की द्यायची. पुढे रक्तदाब वाढला. कुणी विचारलं तर तेही हेच म्हणायचे, "एवढी वर्षं काम केलं, काय झालं मला?" त्यांच्या हयातीत एकदाही कुणी त्यांचं रक्त शिशासाठी तपासलं नाही. आमचंही नाही.

"काही झालं नाही" असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा कुणी पाहिलेलं नसतं. शिसं एका दिवसात कुणाला आडवं पाडत नाही. ते पोटदुखीत, थकव्यात, चिडचिडीत, वर्गात मागे पडण्यात लपतं, आणि या सगळ्याला आपल्याकडे दुसरी नावं तयार असतात. दृष्ट लागली, जंत झाले, हट्टी आहे, अभ्यासात लक्ष नाही. मोठ्या माणसाच्या अंगात ते वर्षानुवर्षं साचत राहिलं तर रक्तदाब वाढतो, मूत्रपिंडं बिघडतात. तुझे सासरे कशानं गेले हे मी इथे बसून ठरवणार नाही, आणि सासूबाईंसमोर तूही ते ठरवू नकोस. नवऱ्याच्या आठवणीवर बोट ठेवल्यासारखं होईल आणि पुढचं बोलणंच संपेल. तू एवढंच म्हण, "आई, तेव्हा तपासणी नव्हती, आता आहे. ह्या दोघांचंही एकदा बघून घेऊ." नवरा आणि दीर, दोघांचं रक्तातलं शिसं, रक्तदाब आणि मूत्रपिंडांसाठीची क्रिएटिनिनची चाचणी करून घ्या. मला वाटतं, मुलाच्या आकड्यानं तुझा नवरा घाबरून हट्टाला पेटलाय, स्वतःचा आकडा बघितला की तो विचार करू लागेल. कामगार आणि मालक यांच्यात शिशाच्या बाबतीत काही फरक नसतो. आपल्या कारखाना कायद्यानं १९४८ सालीच शिशाची बाधा कळवणं बंधनकारक असलेल्या व्यवसायजन्य रोगांच्या यादीत घातली होती. म्हणजे हे तू कुठूनतरी वाचून काढलेलं खूळ नाही.

आणि त्याच अंगणात मोठ्या झालेल्या दोघांशी तुझ्या लेकाची तुलना होत नाही, कारण चार वर्षांच्या मुलाचं शरीर वेगळं असतं. पोटात गेलेल्या शिशातलं जेवढं मोठं माणूस शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट मूल शोषतं. मूल जमिनीवर असतं, हात तोंडात घालतं. अंगात लोह कमी असेल तर आतडी शिसं आणखी ओढून घेतात, आणि शिसं रक्त तयार होण्यात अडथळा आणतं. कमी रक्त आणि शिसं असे एकमेकांना धरून वाढतात. ८.९ हिमोग्लोबिनचा उपचार म्हणूनच मनापासून कर, तो शिशावरचाही उपचार आहे.

आता तुझा मूळ प्रश्न, माहेर की दुकान बंद. तू असं धरून चालली आहेस की एका पारड्यात मूल आहे आणि दुसऱ्यात भाकरी. मी तुझं पत्र वाचत होते तेव्हा मला तसं दिसलं नाही. बॅटरी विकण्यानं शिसं घरात येत नाही. ती चार्ज करण्यानं, तपासण्यानं, गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन इन्व्हर्टरमध्ये डिस्टिल वॉटर भरण्यानंही नाही. ते येतं बॅटरी उघडल्यानं, प्लेटा बाहेर काढल्यानं आणि शिसं वितळवल्यानं. बंद करायचंय ते एवढंच काम. त्यासाठी दुकानाची पाटी उतरवायची गरज नाही.

नवऱ्याशी बोलताना "धंदा बंद कर" या शब्दांनी सुरुवात करू नकोस. गेल्या तीन महिन्यांची वही घेऊन दोघं बसा. उघडलेल्या बॅटऱ्यांतून मजुरी, ॲसिड, गॅस वजा जाता निव्वळ किती सुटले? आणि त्याच जुन्या बॅटऱ्या न उघडता, अख्ख्या, किलोवर परत दिल्या असत्या तर किती आले असते? फरक असेल, मी नाही म्हणत नाही. पण तो सगळ्या घराच्या पोटाएवढा आहे का, हे आकड्यांत बघा. मार्चपासून जूनपर्यंत आपल्याकडे ४५ अंशांपर्यंत जाणाऱ्या उन्हात इन्व्हर्टर बंद पडला की माणसं वाटेल ते देऊन दुरुस्त करून घेतात, हे तुझ्या नवऱ्याला माझ्याहून जास्त माहीत आहे. त्या सेवेवर, नव्या बॅटरीच्या विक्रीवर आणि जुनी घेऊन नवी देण्यावर दुकान चालवणारे पुष्कळ आहेत. दुसरं, बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम २०२२ पासून लागू आहेत. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्यांकडेच जायला हव्यात, घराच्या अंगणात फोडणं त्यात बसत नाही. कुणी धमकी द्यावी म्हणून हे सांगत नाही. आज ना उद्या हे काम बंद होणारच आहे, तर आपल्या हातानं, आपल्या सोयीनं बंद केलेलं बरं, एवढंच.

दीर म्हणेल, हेच काम दुसऱ्या वस्तीत गाळा घेऊन करू. ते करू देऊ नकोस. तिथेही कुणाची तरी मुलं असतील. सेनेगलमध्ये डाकारजवळच्या थियारोयमध्ये लोक वस्तीतच बॅटऱ्या फोडून शिसं गाळत होते. २००७-०८ मध्ये तिथे काही महिन्यांत १८ मुलं गेली. शिवाय नवरा आणि दीर तेच कपडे, तेच केस, त्याच चपला घेऊन संध्याकाळी तुझ्याच घरी परत येतील.

माहेरी मात्र जा. भांडून नाही, सांगून जा. घर साफ होईपर्यंत मूल तिथे नसावं हे माझं ठाम मत आहे, कारण सफाई सुरू झाली की धूळ आधी उडते आणि मग बसते. तीन-चार आठवडे वर्ध्याला राहा. जाताना मुलाची खेळणी आणि कपडे धुऊन ने, अंगणातली गाडी-बिडी नेऊ नकोस. पण माहेर हा उपाय आहे असं समजू नकोस. तिथे आकडा उतरेल, सगळ्यांना वाटेल सुटलो, आणि त्याच जिन्यावर परत आलात की दोन महिन्यांत पुन्हा वर जाईल. परत येण्याआधी काय काय झालं पाहिजे ते नवऱ्याशी बोलून ठरव आणि मग जा.

सफाई कशी करायची ते नीट सांगते, कारण इथे चुका होतात. कोरड्या झाडूनं किंवा खराट्यानं झाडायचं नाही. तू रोज झाडतेस ना, त्यानं धूळ जात नाही, उडून पुन्हा बसते, थोडी तुझ्या आणि लेकाच्या नाकातोंडात जाते. ओल्या फडक्यानं, साबणाच्या पाण्यानं पुसायचं. दोन बादल्या घ्यायच्या, एकीत साबणाचं पाणी, दुसरीत फडकं खळबळायला साधं. ते पाणी तुळशीत, कुंडीत किंवा अंगणात ओतायचं नाही, संडासात ओतायचं. फडकी पुन्हा भांड्यांना लावायची नाहीत. जिना, खिडक्यांचे कठडे, पंख्याची पाती, पलंगाखालची जागा. गाद्या आणि चादरी. जुना रंग पोपडे धरत असेल तर घासून काढायचा नाही, त्यातही शिसं असू शकतं, ओला करून वरून नवा रंग द्यायचा.

कूलर! तू लिहिलंस की कूलर मागच्या खिडकीला आहे आणि त्याच्या समोर मुलाचा पलंग. मागची खिडकी म्हणजे खाली जिथे प्लेटा वाळत पडतात तेच अंगण. आपला कूलर बाहेरची हवा ओढून आत फेकतो, सगळा उन्हाळा, दिवसरात्र. तो पुढच्या बाजूला घ्या, ताट्या नव्या घाला, टाकी धुऊन काढा. जुन्या ताट्या हातानं झटकू नका, पिशवीत बांधून टाका.

अंगणाची माती खणू नका, उकरू नका. तिच्यावर कोबा करा किंवा फरशी घाला. खर्च आहे, पण एकदाचा. तोपर्यंत मूल तिथे खेळणार नाही, आणि त्या मातीत लावलेली मेथी-पालकही स्वयंपाकात नको.

दुकानातलं काम बदलेपर्यंत आणि बदलल्यावरही कामाचे कपडे वेगळे, ते खालीच राहतील. चपला खाली. आंघोळ खाली नळावर, डोक्यावरून, मगच जिना चढायचा आणि मगच लेकाला उचलायचं. बापाला आल्याआल्या पोराला कडेवर घ्यावंसं वाटतं, ते थांबवणं जड जाईल. दहा मिनिटांचं अंतर आहे. कामाचे कपडे मुलाच्या कपड्यांबरोबर भिजवायचे नाहीत. दुकानात चहा, तंबाखूचा खर्रा, डबा काहीही खायचं-प्यायचं नाही. काळ्या हातानं खर्रा तोंडात टाकणं म्हणजे शिसं चिमटीनं खाणं. तोंडाला दुपट्टा किंवा रुमाल बांधून शिशाचा धूर अडत नाही.

घरातली बाकीची दारंही एकदा बघून घे. सुटी, फार झळझळीत पिवळी हळद घेऊ नकोस. हळदीला रंग चढावा म्हणून तिच्यात लेड क्रोमेट मिसळलं जातं हे बांगलादेशात आणि आपल्याकडेही सापडलंय. हळकुंडं आणून दळून घे. मुलाच्या डोळ्यांत सुरमा-काजळ नको. कल्हई शुद्ध कथलाची आहे ना, हे विचारून घे.

खाण्याबद्दल थोडं. रिकाम्या पोटी शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून दिवसातून चार-पाच वेळा थोडंथोडं दे. लोहासाठी फुटाणे, मटकी, बाजरी, पालेभाज्या, खात असाल तर कलेजी. त्याच्याबरोबर संत्रं किंवा लिंबू, त्यानं लोह चांगलं लागतं, आणि संत्र्यासाठी नागपुरात कुणाला लांब जावं लागत नाही. दूध, दही, तीळ, नाचणी यांतलं कॅल्शियम शिशाला आत शिरायला कमी वाव देतं. चहा मुलाला देऊ नकोस, बशीतलाही नाही. डॉक्टरांनी दिलेलं लोहाचं औषध पूर्ण कर, बरं दिसायला लागलं म्हणून मध्येच थांबवू नकोस. आणि खाण्याआधी, झोपण्याआधी साबणानं हात. नुसत्या पाण्यानं शिशाची धूळ निघत नाही.

आता जो प्रश्न तू सगळ्यात शेवटी, जाता जाता विचारलास आणि ज्यानं तुझी झोप उडालीय, तो. लेकाचं डोकं कायमचं अधू झालं का?

शिसं वाढत्या मेंदूला इजा करतं, हे मी लपवणार नाही. २००५ साली सात ठिकाणच्या १,३३३ मुलांच्या नोंदी एकत्र करून बघितल्या गेल्या. रक्तातलं शिसं २.४ वरून १० वर गेलं की बुद्ध्यांकात सरासरी ३.९ गुणांची घट, १० वरून २० वर गेलं की आणखी १.९. पण ही सरासरी आहे, अनेक मुलांची मिळून. एका मुलाचं पुढे काय होणार हे त्यातून वाचता येत नाही. झालेलं नुकसान औषधानं भरून येत नाही हे खरं. पण याच आकड्यांत तुझ्यासाठी एक मोठी गोष्ट आहे. पहिल्या थोड्या शिशानंच जास्त नुकसान होतं, म्हणजे १८ वरून १० वर आणि १० वरून ५ च्या खाली येताना उतरलेला प्रत्येक मायक्रोग्रॅम मोलाचा आहे. "आता झालंच आहे, काय उपयोग" असं म्हणायला जागा नाही. शिवाय मुलाचा मेंदू फक्त शिशावर वाढत नाही. त्याच्याशी बोलणं, गाणी, गोष्टी, खेळ, झोप, भरलेलं पोट, घरात आरडाओरडा नसणं, यांनीही तो वाढतो. चार वर्षांचा आहे तो. बोलणं मागे वाटत असेल तर विकासतपासणी आणि वाचा-उपचार आत्ताच सुरू कर, शाळेत नाव घालेपर्यंत थांबू नकोस.

तू एकटी नाहीस हेही सांगते. २०२० साली युनिसेफच्या अहवालानं दाखवलं की जगातल्या दर तीन मुलांमागे एकाच्या रक्तात शिसं ५ किंवा त्याहून जास्त आहे. फरक एवढाच की तुला तुझ्या मुलाचा आकडा माहीत आहे.

दुसऱ्या बाळाचा विचार सोडू नकोस, पुढे ढकल. आईच्या हाडांत साठलेलं शिसं गरोदरपणात रक्तात उतरतं आणि नाळेतून बाळाकडे जातं. बापाच्या अंगातल्या शिशाचा शुक्राणूंवरही परिणाम होतो. आधी तुम्हा दोघांची तपासणी, मग स्त्रीरोगतज्ज्ञांचा सल्ला. तुझं स्वतःचं रक्त तपासायचं तू कुठेच लिहिलेलं नाहीस. रोज जिना झाडणारी तूच आहेस.

एक शेवटचं. तुझ्या पत्रात एका ओळीत, ओझरता, एक मुलगा येऊन गेला. "हाताखाली गावाकडचा एक पोरगा आहे, सोळा वर्षांचा, तोच प्लेटा काढतो." बाकी सगळ्यांबद्दल तू परिच्छेद लिहिलेत. त्याला पोटात दुखतं का, त्याच्या हातात ताकद कमी झालीय का, तो रात्री त्याच दुकानात झोपतो का, यातलं काही पत्रात नाही. तुला दोष देत नाही. आपल्या मुलाच्या काळजीत बाई बुडालेली असते तेव्हा तिला बाकीचं दिसत नाही, मलाही दिसलं नसतं. पण त्या दुकानातलं सगळ्यात जास्त शिसं बहुधा त्याच्याच अंगात असेल. धोकादायक कामावर १८ वर्षांखालच्या मुलाला ठेवता येत नाही, कायद्यानंही नाही. त्याला या कामावरून उद्याच काढा, पण घरी हाकलू नका. बॅटरी उचलून नेणं, गिऱ्हाईक, हिशेब, चार्जिंग यातलं काही द्या, पगार कापू नका, झोपायला दुसरी जागा द्या. आणि तुमच्या घरातल्यांचं रक्त तपासायला जाल तेव्हा त्यालाही बरोबर न्या.

लेकाची दुसरी तपासणी झाली की मला आकडा कळव. त्याचाही कळव.

तुझी,
ताई